अरिमथाईकर योसेफ नेमका कोण? येशूच्या दफनाचे चार वृत्तान्त

पोथीवाचक

यंदा उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या रात्री मी चारही शुभवर्तमानांतला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांतला, त्याच्या दफनाचा मजकूर सलग वाचून काढला: मार्क १५, मत्तय २७, लूक २३ आणि योहान १९. मार्कमध्ये हा प्रसंग अवघ्या सहा वचनांत आटोपतो आणि इतरांकडेही तो फार लांबत नाही. तरीही एवढ्याशा मजकुरात जे फरक दिसतात ते किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखे नाहीत असे माझे मत झाले, म्हणून हा धागा.

आपण लहानपणापासून ही गोष्ट एकच म्हणून ऐकलेली असते. श्रीमंत योसेफ रोमन सुभेदार पिलाताकडे जाऊन येशूचे शरीर मागतो, निकदेम नावाचा आणखी एक यहुदी पुढारी सुगंधी द्रव्ये घेऊन येतो, दोघे मिळून येशूला योसेफाच्या स्वतःच्या नव्या कबरीत ठेवतात, दाराशी धोंड लोटली जाते, शिपायांचा पहारा बसतो आणि स्त्रिया हे सगळे पाहत असतात. ही गोष्ट अशीच्या अशी चौघांपैकी एकानेही सांगितलेली नाही. श्रीमंती, स्वतःची कबर आणि पहारा या तिन्ही गोष्टी फक्त मत्तयाच्या आहेत. निकदेम फक्त योहानाकडे आहे, आणि त्याच योहानाच्या दफनात स्त्रियांचा उल्लेखच नाही. चारांची मिळून एक गोष्ट करण्याआधी प्रत्येकाचे म्हणणे वेगवेगळे ऐकून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. कारण तसे केले की बरेचसे फरक एकाच प्रश्नाभोवती गोळा झालेले दिसतात. ज्या यहुदी न्यायसभेने येशूला मरणदंडास पात्र ठरवले, तिच्यातल्याच एका माणसाने त्याला कबर का दिली?

मार्क हा चौघांत जुना. त्याचे लेखन सामान्यतः इ.स. ७० च्या आसपासचे मानतात. त्याने चौकशीच्या प्रसंगात ‘सर्वांनी’ येशूला दोषी ठरवले असे स्पष्ट लिहिले आहे (१४:६४), आणि पुढच्याच अध्यायात योसेफाची ओळख सभेचा प्रतिष्ठित सदस्य अशी करून दिली आहे. तो शिष्य होता असे मार्क कुठेही म्हणत नाही. तो देवाच्या राज्याची वाट पाहत होता, एवढेच. तो धैर्य करून पिलाताकडे जातो. येशू इतक्या लवकर मेला याचे पिलाताला आश्चर्य वाटते, आणि तो शताधिपतीला बोलावून खात्री करून घेतो. इथे मूळ ग्रीकमधला एक बारकावा मला फार बोलका वाटतो. योसेफ मागतो ते ‘सोमा’, म्हणजे शरीर. पिलात देतो ते ‘प्तोमा’, म्हणजे मढे. हा दुसरा शब्द ‘पडणे’ या अर्थाच्या धातूवरून आलेला आहे आणि त्यात जरासुद्धा मऊपणा नाही. पुढे योसेफ तागाचे वस्त्र विकत घेतो, शरीर खाली काढतो, गुंडाळतो, खडकात खोदलेल्या कबरीत ठेवतो आणि धोंड लोटतो. अंग धुतल्याचा उल्लेख नाही, सुगंधी द्रव्ये नाहीत, कोणी रडल्याचे नाही, आणि कबर कोणाची तेही सांगितलेले नाही.

मार्कचा हा योसेफ मला धर्मनिष्ठ यहुदी माणसासारखा दिसतो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या ग्रंथात (२१:२२-२३) आज्ञा आहे की झाडावर टांगलेल्याचे प्रेत रात्रभर तसे राहू देऊ नये, त्याच दिवशी पुरावे. नाहीतर देवाने दिलेली भूमी विटाळते. त्यात शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, लागतो. (कोकणातले बेने इस्राएल शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ नाव पडले, त्यांचाही तो दिवस शुक्रवारच्या संध्याकाळीच सुरू होई.) ही आज्ञा पाळण्यासाठी मेलेल्याचा शिष्य असण्याची काहीच गरज नव्हती.

मार्कनंतर लिहिणाऱ्यांना मात्र ही अडचण जाणवलेली दिसते, आणि प्रत्येकाने ती आपल्या पद्धतीने सोडवली आहे. मत्तय सभेचे सदस्यत्वच काढून टाकतो. त्याचा योसेफ श्रीमंत आहे आणि येशूचा शिष्य आहे. लूक सदस्यत्व ठेवतो, पण हा सज्जन व नीतिमान मनुष्य होता आणि सभेच्या बेताला व कृत्याला त्याने संमती दिली नव्हती, असे मुद्दाम जोडतो. म्हणजे मार्कच्या ‘सर्वांनी’ या शब्दाला तो आडूनच उत्तर देतो. योहानाचा योसेफ यहुद्यांच्या भीतीने लपून राहिलेला शिष्य आहे. सभासद, श्रीमंत शिष्य, संमती न देणारा सभासद, गुप्त शिष्य: ही चार चित्रे कालक्रमाने लावली तर योसेफ पायरीपायरीने येशूच्या जवळ येत गेला आहे असे मला दिसते.

कबरीचेही तसेच होते. मार्ककडे ती नुसती खडकातली कबर आहे. लूककडे तिच्यात आधी कोणाला ठेवलेले नव्हते. मत्तयाकडे ती नवी आहे आणि योसेफाने स्वतःसाठी खोदवलेली आहे. योहानाकडे ती नवी आहे, बागेत आहे, पण योसेफाची म्हटलेली नाही; ती निवडण्याचे कारण इतकेच की तयारीचा दिवस होता आणि कबर जवळ होती. मत्तय आणि योहान यांच्यातला हा फरक मला इतर सगळ्यांपेक्षा जड वाटतो. एकाकडे कबर प्रेमाने दिलेली आहे, तर दुसऱ्याकडे दिवस संपत आला म्हणून हाताशी होती ती घेतलेली आहे.

जाणकारांनी जरूर लिहावे.

समईवात

लेख काळजीपूर्वक लिहिला आहे, पण त्याचा मूळ धागा मला पटत नाही. एकच माणूस सभेचा सदस्य, श्रीमंत, मनातून शिष्य आणि लोकांना भिऊन गप्प राहिलेला, असा सगळा एकाच वेळी असू शकतो. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याबद्दल चार जणांना विचारले तर एक त्यांची नोकरी सांगेल, एक त्यांचा स्वभाव सांगेल, एक त्यांनी केलेली मदत सांगेल. त्यावरून माणूस बदलत गेला असे आपण म्हणत नाही. कबरही नवी, योसेफाची आणि जवळची, तिन्ही असू शकते. चौघांनी जे वेगळे सांगितले आहे त्यापेक्षा जे एकसारखे सांगितले आहे ते मला मोठे वाटते: नाव, गाव, पिलाताकडची मागणी, वस्त्र, कबर आणि शब्बाथापूर्वीची घाई. अरिमथाईसारख्या, एरवी कुठे न येणाऱ्या गावाचे नाव चौघांकडे आहे. ते कोणी कशाला रचेल?

पोथीवाचक

समईवात, योसेफाचे नाव आणि गाव खऱ्या आठवणीतून आलेले असावे, हे मलाही पटते. दफन घडलेच नाही असे माझे म्हणणे नाही. पण चार स्वतंत्र साक्षीदार हे चित्र निदान पहिल्या तिघांना लागू होत नाही. मत्तय आणि लूक यांच्यापुढे मार्कचा मजकूर होता असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि इथे तर आणखी एक नवल आहे. ‘हा पिलाताकडे गेला व त्याने येशूचे शरीर मागितले’ हे वाक्य मत्तय आणि लूक यांच्या ग्रीकमध्ये शब्दशः एक आहे, आणि ते मार्कपेक्षा वेगळे आहे. गुंडाळण्यासाठी मार्क ‘एनेइलेसेन’ हे क्रियापद वापरतो, तर हे दोघेही ‘एनेतुलिक्सेन’ वापरतात. पिलाताचे आश्चर्य आणि शताधिपतीची चौकशी दोघेही गाळतात. वस्त्र विकत घेतल्याचेही दोघे गाळतात. तेव्हा या दोघांचा योसेफ म्हणजे जुना मजकूर समोर ठेवून केलेले लेखन आहे. समोर ‘प्रतिष्ठित सभासद’ असे लिहिलेले असताना मत्तयाने ते उचलले नाही, तर ते का, हा प्रश्न विचारावाच लागतो.

अक्षरवेल

वस्त्राच्या खरेदीचा विषय निघालाच आहे तर त्यामागची अडचण सांगते. पहिल्या तीन शुभवर्तमानांप्रमाणे येशूने आदल्या रात्री शिष्यांसह वल्हांडण या यहुदी सणाचे भोजन केले. यहुदी दिवस संध्याकाळी सुरू होतो, तेव्हा त्यांच्या हिशेबाने क्रूसाचा शुक्रवार हाच सणाचा पहिला दिवस, निसान महिन्याची १५ तारीख. सणाच्या दिवशी योसेफ कापड विकत घेतो, हे मार्कच्याच कालगणनेत बसवणे कठीण आहे. मत्तय व लूक यांनी खरेदी गाळली त्यामागे हे कारण असू शकेल. योहानाकडे हा प्रश्न उद्भवत नाही, कारण त्याच्या मते तो शुक्रवार वल्हांडणाच्या तयारीचा, म्हणजे १४ निसान, आणि भोजन त्या संध्याकाळी व्हायचे होते.

कापडाचे शब्दही वेगळे आहेत. पहिले तिघे ‘सिन्दोन’ म्हणतात, म्हणजे तागाचे एक मोठे वस्त्र. योहान ‘ओथोनिया’ असे अनेकवचन वापरतो आणि शरीर त्यांनी ‘बांधले’ असे म्हणतो. पुढे २०:७ मध्ये डोक्याचा रुमाल निराळा गुंडाळून ठेवलेला सापडतो. लूक मात्र दफनाच्या वेळी ‘सिन्दोन’ लिहितो, आणि २४:१२ मध्ये पेत्र कबरीत वाकून पाहतो तेव्हा त्याला ‘ओथोनिया’ दिसतात.

सुगंधी द्रव्यांचा क्रम तर एकमेकांशी जुळतच नाही. लूक म्हणतो की स्त्रियांनी घरी परतून द्रव्ये व तेले तयार केली आणि मग शब्बाथ पाळला (२३:५६). मार्क म्हणतो की त्यांनी शब्बाथ संपल्यावर ती विकत घेतली (१६:१). मत्तयाकडे त्या नुसत्या कबर पाहायला येतात. धोंडेवर मोहोर आणि बाहेर पहारा असताना द्रव्ये लावायला जाणे त्याच्या कथेत बसलेच नसते. योहानाकडे ते काम दफनाच्या वेळीच पुरे झालेले आहे.

वाळूचे घड्याळ

योहानातल्या त्या द्रव्यांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. निकदेम गंधरस व अगरू यांचे सुमारे १०० लित्रा मिश्रण आणतो. रोमन लित्रा साधारण ३२७ ग्रॅमचा धरला तर हे ३२ ते ३३ किलो होते. म्हणजे दोन धडधाकट माणसांनाही कबरीपर्यंत उचलून नेताना घाम फुटेल असे गाठोडे, आणि तेही दिवस मावळायला आलेला असताना. एका सामान्य माणसाच्या अंत्यविधीला इतके लागत नाही. पण राजाच्या अंत्यविधीला लागते. हेरोद राजाच्या अंत्ययात्रेत ५०० सेवक सुगंधी द्रव्ये घेऊन चालत होते असे योसेफस या इतिहासकाराने लिहिले आहे. आसा राजाला सुगंधी द्रव्यांनी भरलेल्या शय्येवर ठेवल्याचे बायबलमधल्या ‘२ इतिहास’ या ग्रंथात आहे (१६:१४), आणि मनश्शे राजाला त्याच्या वाड्याच्या बागेत पुरले असे ‘२ राजे’ या ग्रंथात आहे (२१:१८). योहानाने क्रुसावर ‘यहुद्यांचा राजा’ हा लेख तीन भाषांत लावलेला दाखवला आहे. त्यानंतर लगेच ही बाग आणि हे वजन येते. त्याने राजाचे दफन लिहिले आहे, असे मी वाचतो. मार्ककडे घाईने गुंडाळलेले मढे आणि योहानाकडे राजाचे दफन, हा फरक तपशिलाच्या चुकीचा नसून दोघांनी काय पाहिले त्याचा आहे.

मोडीतला कागद

मूळ प्रश्नाआधीचा एक प्रश्न: रोमन अधिकारी क्रुसावरचे प्रेत देत तरी होते का? पुष्कळदा देत नसत. प्रेत तसेच लटकू देणे, पक्ष्यांना व कुत्र्यांना सोडणे, हा त्या शिक्षेचाच भाग होता. पण अपवादही होते. अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो याने सणाच्या दिवशी क्रुसावरची प्रेते उतरवून नातेवाइकांना दिल्याची उदाहरणे माहीत असल्याचे लिहिले आहे. योसेफस तर म्हणतो की यहुदी लोक क्रुसाची शिक्षा झालेल्यांनासुद्धा सूर्यास्तापूर्वी उतरवून पुरतात. आणि १९६८ मध्ये जेरुसलेमच्या उत्तरेस गिवत हा-मिव्तार येथे येहोहानान नावाच्या माणसाची अस्थिपेटी सापडली, तिच्यातल्या टाचेच्या हाडात लोखंडी खिळा तसाच अडकलेला होता. त्याचे टोक वाकलेले होते. क्रुसावर मेलेल्या निदान एका माणसाला घरच्यांनी रीतसर कबर दिली होती, याचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे.

मिश्ना या यहुदी नियमांच्या संग्रहात, सान्हेद्रीन (न्यायसभा) या भागाच्या सहाव्या अध्यायात, न्यायसभेने मृत्युदंड दिलेल्यांसाठी दोन वेगळ्या दफनभूमी राखलेल्या होत्या आणि त्यांना पूर्वजांच्या कबरीत ठेवत नसत, असे सांगितले आहे. तो ग्रंथ इ.स. २०० च्या सुमाराचा, त्यामुळे पिलाताच्या काळी हे तंतोतंत असेच चालत असे असे मी म्हणणार नाही. पण तो मनात ठेवून ‘जिच्यात आधी कोणाला ठेवलेले नव्हते’ हे शब्द पुन्हा वाचा. नव्या कबरीत ठेवलेला माणूस गुन्हेगारांच्या हाडांत मिसळत नाही, आणि कबर रिकामी सापडली तर कोणाचे शरीर गेले याबद्दल घोटाळाही होत नाही.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातला प्रेषित पौलाचा उपदेशही पाहा (१३:२७-२९). तिथे जेरुसलेमचे रहिवासी व त्यांचे अधिकारी यांनी येशूला दोषी ठरवले, आणि त्यांनीच त्याला झाडावरून काढून कबरीत ठेवले, असा वाक्याचा सरळ अर्थ होतो. तिथे योसेफाचे नाव नाही. हे लिहिणारा तोच लूक आहे, ज्याने आधीच्या ग्रंथात योसेफाला त्या सभेपासून इतक्या काळजीने वेगळे काढले होते. दफन हे सभेनेच उरकलेले काम, अशी जुनी आठवण या वाक्यात शिल्लक राहिली असावी. पौलाच्या स्वतःच्या पत्रात तर एकच शब्द आहे: ‘पुरला गेला’ (१ करिंथ १५:४).

समईवात

कृत्यांतल्या त्या वचनाकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. ते आज रात्री पुन्हा वाचेन. योहान १९:३१ मध्येही आधी यहुदी पुढारीच पिलाताकडे जाऊन पाय मोडून शरीरे काढून न्यावीत अशी विनंती करतात आणि मग योसेफ वेगळा जातो, हेही त्याच्याशी जोडून पाहावे लागेल. तरीही माझा एक मुद्दा कायम आहे. सभेबद्दल राग असणाऱ्या लोकांनी सभेतलाच एक माणूस या कामासाठी कल्पनेने निर्माण केला असता, हे मला संभवत नाही. तुम्ही म्हणता ती अडचण हीच माझ्या मते योसेफ खरा असल्याची खूण आहे.

पोथीवाचक

इथे आपले एकमत आहे. योसेफाला येशूच्या जवळ आणण्याची गरज नंतरच्यांना भासली, ती मुळात तो दूरचा होता म्हणूनच.

वाळूचे घड्याळ यांच्या प्रतिसादाला एक जोड देतो. मत्तयाचा ‘श्रीमंत’ हा शब्द यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या ५३:९ शी जोडण्याची जुनी रीत आहे. तिथे दुष्टांबरोबर कबर आणि मरणात धनवानाबरोबर असा उल्लेख आहे. पण ‘संदेष्ट्याने सांगितले ते पूर्ण व्हावे म्हणून’ असे वारंवार लिहिणारा मत्तय नेमके इथे तसे लिहीत नाही. म्हणून तो संबंध मी ठामपणे धरत नाही.

दगडखाण

धोंडेबद्दल थोडक्यात. चित्रांत चाकासारखा गोल दगड दाखवतात. त्या काळच्या जेरुसलेमच्या परिसरातील बहुतेक कबरींची दारे मात्र चौकोनी दगडी बुचाने बंद केलेली सापडतात. गोल दगड हेरोदाच्या घराण्याची कबर किंवा आदियाबेने या जुन्या राज्याच्या राणीची कबर अशा मोजक्या ठिकाणीच आहेत. पहिले तिघे ‘लोटणे’ या क्रियापदाने बोलतात, योहान धोंड ‘काढलेली’ म्हणतो. चौकोनी धोंडही लोटता येते, तेव्हा यावरून फार ताणू नये.

‘जवळ’ या योहानाच्या शब्दाबद्दल मात्र सांगण्यासारखे आहे. जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये गुलगुथा (येशूला क्रुसावर दिले ती जागा) आणि कबर एकाच छपराखाली, चालत मिनिटभराच्या अंतरावर आहेत. ती जागा जुनी दगडाची खाण होती आणि तिच्या कडेला त्या काळच्या इतर खोदीव कबरी आजही दिसतात. चर्चची पहिली इमारत ४ थ्या शतकात कॉन्स्टंटाइन सम्राटाने बांधवली. २०१६ मध्ये दुरुस्तीसाठी कबरीवरची संगमरवरी फरशी उचलली तेव्हा खालच्या जुन्या फरशीच्या चुन्याचे वय काढले, ते इ.स. ३४५ च्या सुमाराचे निघाले. यातून कबर कोणाची हे सिद्ध होत नाही, पण वधस्थळाशेजारी कबरी होत्या हे योहानाचे म्हणणे त्या जमिनीशी जुळते.

मांडवीकाठ

मी गोव्याची. आमच्या इगर्जीत (चर्चमध्ये) उत्तम शुक्रवारी दुपारनंतर क्रुसावरची लाकडी मूर्ती उतरवतात. तिचे खांदे कातड्याच्या पट्ट्यांनी जोडलेले आहेत, त्यामुळे खिळा काढला की हात हळूच खाली येतो. दोन पुरुष शिडीवर चढतात, मूर्तीच्या काखेतून पांढरे लांब कापड घालतात आणि तिचा भार त्या कापडावर घेत तिला खाली सोडतात. त्या वेळी घंटा वाजत नाहीत, लाकडी खटखटा वाजतो. हे दोघे योसेफ आणि निकदेम, हे आम्हांला कोणी शिकवावे लागले नाही. मग मूर्ती पालखीत ठेवून मिरवणूक निघते आणि मागून काळ्या वस्त्रांतली दुःखी मातेची मूर्ती येते.

हा धागा वाचून मी चारही भाग पुन्हा पाहिले, आणि दफनाच्या वेळी येशूची आई तिथे होती असे मला कुठेच सापडले नाही. माझ्या डोळ्यांसमोर तर दफन म्हटले की पहिल्याने तीच येते. माझे काही वाचायचे राहिले का? मार्ककडे ‘योसेची मरीया’ आहे, ती कोण?

पोथीवाचक

मांडवीकाठ, तुमचे काही राहिलेले नाही. दफन पाहणाऱ्या स्त्रिया मार्ककडे मग्दालीया मरीया आणि योसेची मरीया. मत्तयाकडे मग्दालीया मरीया आणि ‘दुसरी मरीया’, त्या कबरीसमोर बसून राहतात. लूककडे नावे न घेता गालीलाहून आलेल्या स्त्रिया. योहानाकडे कोणीच नाही.

योसेच्या मरीयेबद्दल मतभेद आहेत. मार्क ६:३ मध्ये येशूच्या भावांची नावे याकोब, योसे, यहूदा व शिमोन अशी दिली आहेत, आणि १५:४० मधली मरीया ही धाकटा याकोब व योसे यांची आई आहे. दोन नावे जुळतात म्हणून ही येशूचीच आई असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे. मला ते पटत नाही. याकोबाला ‘धाकटा’ हे विशेषण लावले आहे ते दुसऱ्या कोणा याकोबापासून वेगळा ओळखता यावा म्हणून. शिवाय ६:३ मध्ये येशूला सरळ ‘मरीयेचा मुलगा’ म्हणणाऱ्या मार्कने त्याच्या कबरीपाशी त्याच्या आईची ओळख दुसऱ्या मुलाच्या नावाने करून द्यावी, हे मला संभवत नाही.

योहानाने तिला क्रुसाजवळ उभी दाखवले आहे (१९:२५-२७), आणि त्याच घटकेपासून प्रिय शिष्याने तिला आपल्या घरी नेले असे लिहिले आहे. हे शब्द अक्षरशः घेतले तर योसेफ पिलाताकडे जाण्यापूर्वीच ती तिथून निघून गेलेली असते. तुमच्या मिरवणुकीत पालखीमागे चालणारी आई चौघांपैकी कोणाच्याही लिखाणातून आलेली नाही. ती पुढच्या शतकांतल्या भक्तांनी तिथे आणून उभी केली आहे. शिडीवरचे दोन पुरुष मात्र योहानाचे आहेत, कारण त्या कामाला दुसरा हात त्याच्याखेरीज कोणी दिलेला नाही.